किल्ला बघायला नेतो म्हणालो

मालन, आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे सिटी बसच्या खिडकीवरनं भांडलो.

वडगावच्या स्टॉपवर बस आली. तू आधी चढलीस आणि खिडकी धरलीस. मी म्हणालो, सरक, मला वारा पाहिजे. तू आधार कार्ड काढून माझ्या नाकासमोर नाचवलंस.

"बायकास्नी फुकट हाय. सरकारनं मला बसवलंय. तुमी तिकीट काढा आणि कडंला बसा."

"फुकट जाणाऱ्या माणसानं खिडकी मागू नये."

"मग सरकारला जाऊन सांगा."

कंडक्टर हसला. "अज्जी, आधार तोरसी," कार्ड दाखव म्हणून कानडीत म्हणाला. तू त्याला ऐटीत कार्ड दाखवलंस. पुढच्या बाकड्यावरची माणसं वळून बघत होती, कारण आपलं भांडण सगळ्या बसला ऐकू जात होतं. आपल्याला हळू बोलता येतच न्हाय. चाळीस वर्षं लुगडी विणायच्या दोन मागांच्या खडखडाटात गेली. तुझे कान तर निम्मे तिथंच संपले. आपण घरात नुसतं बोललो तरी गल्लीला वाटायचं भांडणं लागली, आणि खरी भांडणं लागली की कोण लक्ष द्यायचं न्हाय.

खिडकी मी सोडली. तू जिंकल्यासारखी बाहेर बघत बसलीस. मला ते बरंच झालं, माझं तोंड तुला दिसत न्हवतं. मला ठाऊक होतं आणि तुला न्हवतं, की त्या गुरुवारी चार वाजता तुला दवाखान्यात दाखल करायचं ठरलं होतं.

किल्ला दाखवतो म्हणून मी तुला घरातनं काढलं. निम्मं खरं होतं ते.

आठ दिवसांमागं आपल्या पोरानं, बाळूनं, तुला तपासून आणलं, आठवतंय? तुला सांगितलं, अशक्तपणा हाय. तू म्हणालीस, व्हय, मलाबी तसंच वाटतंय, आणि मला खजूर आणायला पिटाळलंस. त्या दिवशी तू बाहेर बाकड्यावर बसली होतीस तेव्हा डॉक्टरनं मला आणि बाळूला आत घेतलं होतं. काळजाची झडप गेलीया म्हणाला. छातीत पाणी भरतंय. ऑपरेशन केलं तर आशा हाय, न्हाय केलं तर कवा बंद पडंल सांगता येत न्हाय. मी विचारलं, केल्यावर तरी भरवसा हाय का? तो म्हणाला, निम्मा.

बाहेर आल्यावर पोरानं मला बाजूला घेतलं. "आप्पा, आईला आत्ता काय सांगायचं न्हाय. मावशीचं झाल्यापास्नं ती दवाखान्याचं नाव काढू देत न्हाय. सांगितलं तर पाय उचलायची न्हाय."

खोटं न्हवतं. तुझी थोरली बहीण चालत आत गेली आणि चादरीत बाहेर आली. त्या दिवशी तू मला म्हणालीस, "मला आत घालायचं झालं तर आधी मला विचारा. मेंढरागत न्हेऊ नका." मी म्हणालो, बरं. मी 'बरं' लवकर म्हणतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तरी मी पोराला मान हलवली. तो मच्छेच्या कारखान्यात सुपरवायझर, अनगोळला स्वतःचं घर, शिकलेला. त्यानं सगळं आखून दिलं. गाव बघायच्या निमित्तानं भाईर काढा. लई चालवू नका. बारानंतर पोटात काय घालू नका, संध्याकाळी तपासणी हाय. चारला मी दवाखान्याच्या दारात उभा हाय, तिथनं पुढं माझं मी बघतो. मी मनात म्हणालो, पोरा, मेंढरागत मी तिला आणणार न्हाय. चार वाजायच्या आत कुठंतरी बसवून मी तिला सांगणार. तेवढं माझ्या अंगात हाय.

न्हवतं, मालन.

पहिला कपिलेश्वर. तू बेलाचं पान वाहिलंस, डोळे मिटून लई वेळ उभी राहिलीस. मी घड्याळ बघत होतो. दहा. तू डोळे उघडलेस.

"काय मागितलंसा?"

"काय न्हाय."

"देवापुढंबी कंजुषी." आणि खाली तळ्याच्या पायऱ्यांकडं निघालीस. मी दंडाला धरून मागं ओढलं. जरा जोरात ओढलं. "पायऱ्या नको म्हणून सांगितलं न्हवं?" मी ओरडलो. तू माझ्याकडं बघत राहिलीस. आधी कवा सांगितलं होतं? तुला न्हवतं सांगितलं. मला सांगितलं होतं, डॉक्टरनं.

"पाणी बघायला आले की मी," तू म्हणालीस. मग वरनंच बघितलंस.

तिथं सांगणार होतो. पण पूजेला आलेल्या बायका आजूबाजूला, पुजारी हातभर अंतरावर. तुझ्या कानात काही सांगायचं म्हणजे ते अर्ध्या देवळाला सांगायचं. नवरा-बायकोत कानगोष्ट असते म्हणतात. आपल्यात कधी न्हवतीच. मला तुझ्याशी एकच गोष्ट हळू बोलायची होती जन्मात, आणि तेवढी सोय आपल्याकडं न्हवती.

रिक्षा करून किल्ल्यावर गेलो. दारात दुर्गामातेचं देऊळ, गणपतीचं देऊळ, आणि तो खंदक. तू खंदकाच्या कठड्याला हात टेकून उभी राहिलीस. धाप लागली होती. मी बघितलं तर म्हणालीस, ऊन हाय.

"एवढं थोरलं हाय होय हे! आणि आपण तीन मैलांवर राहून कवा आलो न्हाय."

"येणार कवा? सकाळी माग, रात्री माग."

"पुण्या-मुंबईची माणसं येऊन बघून जात्यात. तुमी मला न्हेलं कुठं? तर नंदगडला. तेबी तुमच्या आत्तीच्या मयताला."

"जाताना उसाचा रस पाजला की."

"मयताला जाताना रस पाजणारा माणूस तुमीच बघितला मी," म्हणालीस आणि हसलीस. हसताना खोकला आला, आणि खोकला लवकर थांबला न्हाय. मी पाठीवर हात फिरवत राहिलो. खिशात फोन वाजला. बाळू. मी बंद केला. साडेअकरा.

मग आत कमल बस्ती, जैनांचं जुनं देऊळ. तुला तेवढंच बघायचं होतं, खरं म्हणजे. गल्लीतली पोरं शाळेच्या सहलीवरनं आली की सांगायची, आज्जी, छताला दगडाचं कमळ हाय, उलटं लोंबतंय. तू दहा वर्षं ऐकत होतीस. आत काळा दगड, गारवा, एक माणूस चालला तरी पाऊल ऐकू यावं असं निवांत. तू मान मागं टाकून वर बघितलंस आणि झोक गेला. मी मागनं धरली. तसंच धरून ठेवा म्हणालीस, आणि माझ्या छातीला पाठ टेकून वर बघत पाकळ्या मोजायला लागलीस. मोठ्यानं. एक, दोन, तीन. देवळाच्या छताखाली तुझा आवाज घुमला.

"लुगड्याला ह्याचा काठ बसंल वो."

"दगडाचं हाय ते."

"दगडात बसलंय, सुतात का बसायचं न्हाय? दोन रंग पाहिजेत नुसते. आतली पाकळी दाट धरायची."

"अज्जा, हळू," दारातला राखणदार म्हणाला, "देऊळ हाय, बाजार न्हवं."

तू जीभ चावलीस आणि हातानं बोलायला लागलीस. मागावर बोलायचो तसं. दोन बोटं कात्रीसारखी हलली की दोरा तुटला. मूठ तोंडाशी गेली की चहा. गळ्यावरनं बोट फिरलं की व्यापारी आलाय. ह्या तीन-चार खुणांवर आपला संसार झाला, आणि उरलेलं तू माझ्या ओठांवरनं वाचायचीस. तू खुणेनं विचारलंस, चहा? मी खुणेनं म्हणालो, न्हाय. तू कपाळावर हात मारून घेतलास. तिथं सहलीची दोन पोरं उभी होती, त्यांना वाटलं आपण मुके. त्यांनी वाट करून दिली, चपलाबी सरळ करून ठेवल्या. बाहेर आल्यावर तू पायरीवर बसून डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसलीस.

मी हसलो न्हाय. मी विचार करत होतो की आत खुणेनं सांगता आलं असतं का. लई आठवलं मी. दोरा, चहा, व्यापारी. ऑपरेशनला खूण न्हवती. तुझं काळीज खराब झालंय आणि मी तुला फसवून आणलंय, ह्याला कुठनं असणार?

एक वाजता आपण बाजारात आलो. खरं भांडण तिथं झालं, आणि ते मिटलेलं न्हाय, म्हणून लिहितो. मिठाईच्या दुकानासमोर तू थांबलीस. परातीत ताजा कुंदा होता. गल्लीतल्या सगळ्या लग्नांत तू कुंदा वाढलास, पाहुण्यांच्या डब्यात बांधून दिलास, बसून खाताना मी तुला बघितलं न्हाय. तू म्हणालीस, "थोडा घ्या."

"नको."

"मला म्हणत्ये. तुमाला न्हवं."

"तुलाच नको म्हणतोय."

"का? मला साखर हाय?"

"न्हाय म्हटलं की न्हाय. खायचं न्हाय आता काय."

दुकानदार हातात कागद धरून थांबला होता. तू माझ्याकडं बघितलंस. रागानं न्हवं. माणूस ओळखीचा हाय का न्हाय असं बघतात तसं. सकाळपास्नं पायऱ्या नको, चहा नको, फिरू नको, आता हे. "आणलंत कशाला मला?" तू विचारलंस. "सत्तेचाळीस वर्षांनी फिरायला काढलंत आणि सकाळपास्नं पोलिसावाणी मागं हायसा. आणलंत कशाला?"

विचारलंस की तू. सरळ विचारलंस. भर बाजारात, मोठ्यानं. तिथं सांगायला पाहिजे होतं. तुझा प्रश्न जेवढ्या माणसांनी ऐकला तेवढ्यांनी उत्तरबी ऐकलं असतं, काय बिघडत होतं? मी म्हणालो, "ऊन लई हाय, चल किल्ल्याजवळच्या तळ्यावर बसू."

तू माझ्यापुढं चार पावलं चालत राहिलीस, अख्ख्या रस्त्यानं. मागं वळून बघितलं न्हाईस.

तळ्याकाठच्या बाकड्यावर बसलो ते अडीच. आजूबाजूला कोण न्हवतं. पाणी हिरवं झालं होतं. तू तोंड फिरवून बसली होतीस. बाळूचा फोन दोनदा येऊन गेला. तीन झाले. सव्वातीन. मी तुझ्या खांद्याला हात लावला, तू वळलीस, आणि मी माझा हात छातीवर ठेवला. तिथनं सुरू करणार होतो. छाती दाखवायची, मग तुझ्याकडं बोट करायचं, मग तोंडानं बोलायचं. हात ठेवला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तू उठलीसच.

"काय होतंय? छातीत दुखतंय? आगा बया, म्हणून सकाळपास्नं असं करताय होय! घाम बघा केवढा आलाय!" पदरानं माझं तोंड पुसलंस. पाण्याची बाटली तोंडाला लावलीस. माझ्या शर्टाचं बटण काढून हात आत घालून चोळायला लागलीस. मी म्हणालो, "मला न्हवं," पण ते माझं मलाच ऐकू आलं न्हाय. तू रिक्षाला हात करत रस्त्याकडं पळालीस. पळालीस, मालन. जिन्याच्या चार पायऱ्या नको म्हणालता डॉक्टर, आणि तू माझ्यासाठी रस्त्यापर्यंत पळालीस.

मी हाक मारून थांबवू शकत होतो. आवाज हाय मला. मी थांबवलं न्हाय. खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं झालं. मनात म्हणालो, आज राहू दे. उद्या घरात बसून सांगू. तू रिक्षावाल्याला म्हणालीस दवाखान्यात चला, तर मी म्हणालो, नको, घरी, गॅस असंल. दवाखान्याचं नाव तू काढलंस आणि मी नको म्हणालो. ह्याला काय म्हणायचं?

घरी आणून मला खाटेवर निजवलंस. पेज केलीस. मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून माझी छाती शेकत बसलीस. धडधाकट छाती. तुझे ओठ निळसर दिसत होते. मी शेकून घेत होतो.

साडेचारला बाळूचा फोन आला. "आप्पा, कुठं हायसा? अर्धा तास झाला मी दारात उभा हाय."

तू समोरच बसलेली. ऐकू येत न्हवतं तुला, पण ओठ दिसले असते. मी भिंतीकडं कूस वळवली आणि भिंतीशी बोललो.

"ती येत न्हाय म्हणाली."

"सांगितलंत तिला?"

"सांगितलं. न्हाय म्हणाली. हट्टाला पेटली."

"द्या तिला फोन."

"झोपलीया."

तू माझ्या पाठीमागं बसून पाठ शेकत होतीस तेव्हा. मी कूस वळवली म्हणून तुला वाटलं पाठीत दुखतंय. बाळू म्हणाला, उद्या कारखान्यातली पाळी संपली की येतो आणि मी तिच्याशी बोलतो, बघू कशी येत न्हाय. मी म्हणालो, बरं.

ताण्यातला, म्हणजे उभ्या सुतातला, एक दोरा तुटला की माग तिथल्या तिथं थांबवायचा आणि सांधायचा, हे बाळू एवढासा होता तेव्हा मी त्याला शिकवलं. तसाच चालू ठेवला की फट वाढत जाते, हातभर, वारभर, आणि मग ते लुगडं कोण हातात धरत न्हाय. आपल्या मागावरचा असला दोष दरवेळी तूच पकडायचीस. लांबनं. सुताच्या कांड्या भरता भरता. दोन बोटं हलवायचीस आणि मी माग थांबवायचो. गुरुवारी तुटलेला दोरा फक्त मला दिसत होता.

शुक्रवारी सकाळी तू मला उठू दिलं न्हाईस. मला वाटलं, चहा झाला की सांगू. मग वाटलं, बाळू येतोयच संध्याकाळी. तू लोटून काढलंस, भाकरी केलीस, मला खाटेवर ताट आणून दिलंस. "तुमी आधी जाऊ नका हां," म्हणालीस, "मला एकटीला गल्लीत करमायचं न्हाय." हे भांडण आपलं जुनं. तू म्हणायचीस मी आधी, मी म्हणायचो मी आधी, आणि दोघंबी रुसायचो. त्या दिवशी मी नुसती भाकरी मोडत राहिलो. तू जेवलीस, माझ्या खाटेखाली चटई टाकलीस, जरा पडते म्हणालीस. तीन वाजता मी खाली वाकून हात लावला तर अंग गार पडलं होतं.

बाळू साडेपाचला आला. सुटीचा अर्ज खिशात घेऊन आलता.

पुढचं तुला ठाऊक न्हाय, म्हणून सांगतो. गल्लीतले माग बंद झाले. बायका आल्या, शेजारच्या काशीआक्कानं तुला न्हाऊ घातलं. आणि बाळूकडनं ऐकून बोलायला लागल्या. हट्टी होती हो बाई. पोरगा दवाखान्याच्या दारात उभा, आणि ही न्हाय म्हणून बसली. काशीआक्का म्हणाली, "नवरा सांगून सांगून दमला असंल बिचारा." मला पाणी आणून दिलं त्यांनी. मी प्यालो.

हट्टी? तू? बाळूनं त्याच्या मनानं पोरगी बघितली तेव्हा वर्षभर घरात बोललो न्हाय तो मी. तू गुपचूप डबा घेऊन अनगोळला जायचीस आणि परत येऊन म्हणायचीस, देवळात गेलते. दुसरा माग विकला तो मी, तू म्हणत होतीस राहू दे, आणि विकल्यावर त्या मोकळ्या जागेत तू तुळस आणून ठेवलीस, एक शब्द बोलली न्हाईस. मला कोण हट्टी म्हटलं तर तूच त्यांच्यावर धावून जायचीस. आणि तुला म्हणत होते तेव्हा मी फुलपात्रातलं पाणी पीत होतो.

तरी मी गप्प राहिलो असतो, मालन. मी कसा हाय ते तुला सांगायला नको. पण उचलायच्या आधी बाळू तुझ्या डोक्याशी बसला. रडत न्हवता. दात चावून बसला होता. आणि तुला म्हणाला, "आई, कसला एवढा हट्ट तुझा? मला एकदा विचारायचंस तरी." सगळ्यांनी ऐकलं. मेलेल्या आईवर पोरगा रागावला होता. आणि तू त्याच्यासमोर गप्प. तुझ्याजवळ उत्तर न्हवतं कारण तुला प्रश्नच कुणी घातला न्हवता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन. सातला बाळू आला, पिशवीत सगळं सामान घेऊन. मी घरामागं परड्यात उभा होतो. म्हणालो, पिशवी खाली ठेव. त्यानं ठेवली.

"तुझ्या आईनं न्हाय म्हटलं न्हवतं. मी तिला सांगितलंच न्हवतं. तिला ठाऊकच न्हवतं."

तो बघत राहिला. मग म्हणाला, "फोनवर तुमी म्हणालासा..."

"खोटं बोललो. तू उभा होतास तेव्हा ती माझी पाठ शेकत होती. मला काय झालं न्हवतं."

तो एक पाऊल पुढं आला. हात उचलंल असं वाटलं. उचलला असता तर बरं झालं असतं.

"काल तिच्या तोंडावर मी काय बोललो, आप्पा, ऐकलंसा तुमी?"

"ऐकलं."

"आणि गप्प बसलासा."

"व्हय."

त्यानं पिशवी उचलली. "मला सांगितलंसा. गल्लीला कोण सांगणार? आईला हट्टी म्हणत जात्यात अजून." आणि बाहेर जाऊन गल्लीच्या तोंडाशी माझ्याकडं पाठ करून उभा राहिला.

सुतकात माणूस दुसऱ्याच्या दारात जात न्हाय. आत पाय ठेवायचा तर सवालच न्हाय. मी चप्पल घातली आणि निघालो. काशीआक्काच्या दारासमोर रस्त्यातच उभा राहून हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली आणि मला बघून घाबरली. "अण्णा, आज कसं आलासा?" मी म्हणालो, "मालन हट्टी न्हवती. तिला दवाखान्याचं कुणी विचारलंच न्हाय. मी सांगितलं न्हाय, आणि खोटं बोललो." तिनं पदर तोंडाला लावला. मी पुढच्या दाराला गेलो. तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या घरात माग चालू होता, तो थांबेस्तोवर उन्हात उभा राहिलो, मग सांगितलं. एकजण म्हणाला, जाऊ द्या अण्णा, आता कशाला. मी म्हणालो, आता कशाला ते मला ठाऊक हाय, तू ऐक. एकीनं दार लावून घेतलं. तिला दारातनं सांगितलं. दोन्ही बाजूंची सगळी घरं केली. बाळू वळून बघत होता का न्हाय, मी बघितलं न्हाय.

सगळी दारं झाली तेव्हा आपल्या दाराशी आलो. सून मागं न्हाणीकडं होती, घरात कोण न्हवतं. बाकीच्या दारांत उभा राहिलो तसाच उंबऱ्याच्या अलीकडं उभा राहिलो आणि म्हणालो, मालन, तुझ्या काळजाची झडप गेलीया. ऑपरेशन करूया म्हणतोय डॉक्टर. भरवसा निम्मा हाय. जायचं का न्हाय ते तू सांग, तू म्हणशील तसं.

जरा थांबलो. मग पोराच्या मागनं रक्षेला गेलो.